कानात नारायणगाव

नारायणगावच्या एसटी स्टँडवर उतरलात की लगेच चालू लागू नका. फोन खिशात टाका आणि एकाच कानात इअरफोन घाला. दुसरा कान गावासाठी मोकळा ठेवा. हा मजकूर निघण्याआधी घरातल्या कुणाकडून तरी फोनमध्ये वाचून घ्या. ज्यांनी जत्रेतला तमाशा रात्रभर जागून पाहिला आहे अशा आजोबांकडून किंवा मामाकडून वाचून घेतलात तर फार चांगलं. त्यांच्याच आवाजात ऐका, आणि जिथे ‘थांबा’ येईल तिथे खरोखर थांबा.

कानात आवाज घेऊन एकट्याने जुनं शहर पालथं घालण्याची रीत आता जगभर रुळली आहे. माणसं एखाद्या भिंतीसमोर उभी राहतात आणि ती कुणी बांधली, कुणी पाडली, हे कानातला आवाज त्यांना सांगतो. इथून पंधराएक किलोमीटरवरच्या जुन्नरला हे सहज जमेल. तिथे शिवनेरी आहे, लेण्याद्री आहे, डोंगराडोंगरांत कोरलेली दोनशेहून अधिक लेणी आहेत, आणि पुढे नाणेघाटात सातवाहनांच्या राणीचा लेख आहे. जुन्नरने आपली आठवण खडकात ठेवली. नारायणगावची आठवण कातड्यावर वाजली, गळ्यातून निघाली आणि पहाट होईपर्यंत हवेत विरली. भिंतींकडे बघून हे गाव कळत नाही, ते ऐकावं लागतं.

फाल्गुन सरत आलेला आहे, पाडवा तोंडावर आहे असं धरा. शक्यतो याच दिवसांत या.

आता चला. पुढे राहुट्यांची रांग दिसेल. प्रत्येक राहुटीवर तमाशाच्या फडाच्या नावाची भली मोठी पाटी, तिच्यावर कलावंतांचे रंगीत फोटो. आत एक टेबल, चार खुर्च्या, देवाच्या तसबिरीला ताजा हार, आणि टेबलावर पंचांग. हे पंचांग लक्षात ठेवा, कारण इथला सगळा व्यवहार त्याच्यावर चालतो. बाहेर गाड्या उभ्या आहेत. त्यांतून उतरलेले गावोगावचे पंच, यात्रा कमिटीची माणसं, एका राहुटीतून दुसरीत जाताहेत. मोकळा कान तिकडे लावा.

“मालक, अष्टमी द्या आम्हाला.”

“कालाष्टमी गेली पाव्हणं, केव्हाच गेली. त्याच्या दुसऱ्या दिवशीची बघा.”

“दुसऱ्या दिवशी देव काय पुन्हा पालखीत बसणार का?”

हसणं होतं, चहा येतो, आणि मग आकड्यांवर येतात. चैत्री पौर्णिमा, कालाष्टमी, अक्षय तृतीया या तिथींना एकाच रात्री शेकडो गावांच्या जत्रा असतात आणि फड मोजकेच. त्यामुळे या तिथींची सुपारी सगळ्यांत महाग, तर मधल्या भाकड दिवसाची त्याच फडाची सुपारी बरीच खाली येते. ठरलं की इसार दिला जातो आणि कागदावर सह्या होतात. यात्रेच्या त्या रात्री गावाला तिकीट नसतं. पैसे गावाने वर्गणीतून आधीच मोजलेले असतात, त्यामुळे म्हातारी बाईही पटकूर घेऊन पुढे येऊन बसते.

फड दसऱ्याला बाहेर पडतो आणि वैशाखापर्यंत गावोगाव फिरत राहतो. आज या जिल्ह्यात, उद्या त्या जिल्ह्यात. त्याला गाठायचं कुठे? म्हणून वर्षातून एकदा बरेच फड या गावात राहुट्या टाकतात आणि गावं त्यांच्याकडे चालत येतात. हातात फोन असूनही ही पद्धत मोडलेली नाही, कारण पंचांना फडमालकाच्या डोळ्यांत बघून सौदा करायचा असतो. या गावाला तमाशाची पंढरी म्हणतात ते यामुळे.

थांबा. डोळे मिटा.

पाट्यांवरचे रंगीत फोटो पुसले जातात. गाड्यांचे हॉर्न बंद होतात. आता १९६० च्या आसपासची रात्र आहे आणि तुम्ही कुठल्याशा जत्रेत, कनातीबाहेर उभे आहात. धुळीचा, भज्यांच्या तेलाचा आणि गॅसबत्तीच्या रॉकेलचा वास एकत्र झालेला आहे. कनातीमागे कुणीतरी पाचटाचा जाळ केला आहे आणि हलगीवाला हलगी त्याच्यावर धरून शेकतो आहे. थंडीने कातडं सैल पडलेलं असतं, ते तापून ताणलं गेलं पाहिजे. तो बोटाने टिचकी मारून बघतो. अजून नाही. पुन्हा जाळावर धरतो. आता मारली टिचकी, आणि तो कडक, कोरडा आवाज शेतं ओलांडून शेजारच्या वाडीपर्यंत गेला. तिकडचं पोर अंथरुणातून उठून बसलं असणार.

तुणतुण्याने सूर धरला. एकच तार, रात्रभर तोच सूर, आणि सगळा फड त्याच्या भरवशावर. ढोलकीवाल्याने शाईच्या बाजूवर बोटं फिरवली. गण झाला. मग गवळण: मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, वाट अडवणारा कृष्ण, आणि कमरेवर हात ठेवून भांडणारी मावशी. मग बतावणी. सोंगाड्या बोलायला लागला की पाटलापासून फौजदारापर्यंत कुणाची सुटका नसते. तो ज्यांच्याबद्दल बोलतो ती माणसं पुढच्या रांगेत बसलेली असतात आणि त्यांनाही हसावंच लागतं. रंगबाजीत लावण्या होतात, फेटे हवेत उडतात, दौलतजादा पुढे येतो. वग सुरू व्हायला मध्यरात्र उलटलेली असते आणि तो संपताना पूर्वेला तांबडं फुटतं. सकाळी कलावंतांच्या डोळ्याला डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा हजेरीच्या खेळाला उभं राहायचं असतं.

आता बोर्डावर आलेली बाई नीट बघा. पाटीवर तिचं नाव विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर असं आहे. वडिलांचं नाव भाऊ, चुलत्यांचं बापू, दोघांचा मिळून भाऊ-बापू मांग नारायणगावकर हा फड. जन्म १९३५ चा, पंढरपूरचा. अंगात घुंगरांइतकाच गळाही आहे. १९५७ मध्ये आणि पुन्हा १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते तिचा गौरव झाला. पण महाराष्ट्र तिची जी गोष्ट सांगतो ती एका रात्रीची आहे. दिवस भरलेले असताना ती नाचायला उभी राहिली. खेळ चालू असताना कळा आल्या. ती मागे गेली, बाळंत झाली, दगडाने नाळ तोडली आणि पदर खोचून पुन्हा लोकांसमोर आली.

थांबा. ही गोष्ट आपण नेहमी तिच्या धाडसाची म्हणून ऐकतो आणि वाहवा करतो. इथे, कनातीबाहेरच्या अंधारात उभं राहून ती दुसऱ्या बाजूने ऐका. आत लोक ओरडताहेत, ढोलकी थांबलेली नाही, सुपारी घेतलेली आहे, आणि आज फड उभा राहिला नाही तर उद्या त्याच्यावर जगणाऱ्या माणसांच्या चुली पेटणार नाहीत. दगड हातात घ्यावा लागला तो यामुळे. त्या रात्रीला मी शौर्य म्हणणार नाही. ती आपल्या समाजाने एका बाईवर आणलेली वेळ होती आणि बाई तिला पुरून उरली.

तिच्या नावाकडेही पुन्हा एकदा बघा. त्यात जात आहे आणि गाव आहे. ज्यांना गावाने कुसाबाहेर ठेवलं त्या मांग, महार, कोल्हाटी कलावंतांनी गावाचं नाव आडनाव म्हणून लावलं आणि महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात नेलं. विदर्भातल्या, कोकणातल्या ज्या माणसाने नारायणगाव कधी पाहिलं नाही त्याला ते ऐकून ठाऊक आहे, ते या लोकांमुळे. विठाबाईंची शेवटची वर्षं हलाखीत गेली. १५ जानेवारी २००२ ला त्या गेल्या. त्यानंतर चार वर्षांनी, २००६ मध्ये, राज्य सरकारने त्यांच्या नावाने तमाशातल्या कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड उभा केला आणि आईची परंपरा पुढे चालवली.

डोळे उघडा. आता थोडं पुढे, २०२० च्या पाडव्यावर या. देशभर टाळेबंदी लागण्याची ती वेळ. जत्रा बंद, सुपाऱ्या बुडाल्या, आणि पुढच्या वर्षीही तेच. ऐन हंगामात या जागेवर ऐकू यायला काही उरलं नव्हतं. फडमालकांनी हंगामासाठी काढलेलं कर्ज मात्र थांबलं नव्हतं.

इथून मीना नदीकडे निघा. हा टप्पा भराभर चाला. मीनेवर वर वडजचं धरण, शेजारच्या कुकडीवर येडगावचं. कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने या पट्ट्याचं रूप पालटलं. द्राक्षं आली, ऊस आला, टोमॅटो आला. टोमॅटोच्या हंगामात इथल्या बाजारात क्रेटच्या थप्प्या आणि लिलावाची आरोळी ऐकण्यासारखी असते, आणि २०२३ च्या जुलैत भाव कडाडले तेव्हा ती देशभर ऐकू गेली होती. पाणी आणि तमाशा यांचा संबंध लोकांच्या लक्षात येत नाही. गावात बागायत आली की वर्गणी वाढते, वर्गणी वाढली की मोठ्या फडाची सुपारी परवडते. दुष्काळी सालात पहिल्यांदा कात्री लागते ती यात्रेला.

शेवटचा टप्पा चालण्याचा नाही, गाडी करा. पूर्वेला दहाएक किलोमीटरवर खोडद आहे. वाटेत नारायणगड दिसेल. मग शेतांमधून एकाएकी पांढऱ्या तबकड्या वर येतात. ही जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या दशकात उभी राहिलेली. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना: १४ मध्यभागी एकमेकींजवळ आणि १६ तीन दिशांना पसरलेल्या, टोकापासून टोकापर्यंत सुमारे २५ किलोमीटर. तबकडी भरीव नाही, बारीक तारांची जाळी आहे. जागा इथे निवडली कारण मोठ्या शहरांचा रेडिओ गोंगाट इथे कमी होता आणि डोंगर त्याला आडवे येतात.

इथे इअरफोन काढा आणि फोन बंद करा. तुमचा खिशातला फोनसुद्धा या यंत्राच्या कामात अडथळा आणतो.

थांबा. ही सगळ्यांत लांबची उडी आहे. २०२३ च्या जानेवारीत शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की एका दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा संकेत याच दुर्बिणीने टिपला. तो तिथून निघाला तेव्हापासून ८८० कोटी वर्षं लोटली होती. पृथ्वी तेव्हा जन्मालाही आली नव्हती. मधल्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखं काम करून तो क्षीण संकेत वाढवला म्हणून तो इथे कळला.

मला या दोन जागांमधले दहा किलोमीटर स्वस्थ बसू देत नाहीत. एका टोकाला आपण ८८० कोटी वर्षांपूर्वीचा क्षीण संकेत नीट जपून ठेवतो, आणि दुसऱ्या टोकाला साठ वर्षांपूर्वीची ढोलकी, बतावणी, हजेरीची लावणी ज्यांच्या डोक्यात आहे ती माणसं एकेक करून जाताहेत. विठाबाईंसारख्या नामवंतांचं थोडंफार जपलं गेलं. तुणतुणं धरणाऱ्याचं, तंबू ठोकणाऱ्या बिगाऱ्याचं, रात्री दोन वाजता शंभर माणसांच्या भाकरी थापणाऱ्या बाईचं काय? गावाचा ध्वनिमार्ग तयार करायचा तर तो यांच्याच आवाजात व्हायला हवा, माझ्यासारख्याच्या नाही.

तेव्हा पाडव्याआधी नारायणगावला जाल तर राहुटीत शिरून आधी चहा घ्या, मग मालकांची आणि कलावंताची परवानगी मागा, आणि फोनचं रेकॉर्डिंग सुरू करून म्हाताऱ्या ढोलकीवाल्याला एवढंच विचारा: पहिली सुपारी कुठल्या गावाची होती? पुढचं ते सांगतील. त्याची एक प्रत त्यांच्या नातवंडांना द्या, एक गावातल्या शाळेला द्या. आणि निघताना त्यांच्या हातात मानधन ठेवा. कलावंत बोलला तरी ते त्याचं कामच असतं आणि कामाचे पैसे द्यायचे असतात.