राणीचा बाग आणि सिंदखेडची कन्या

डोणगांवाहून मेहकरमार्गें पश्चिमेस जाणारी सडक पुढें सिंदखेड राजा येथें पोंचते. लखुजीराव जाधवांच्या वाड्याचें भव्य प्रवेशद्वार, त्यांची समाधि, मोती तलाव आणि चांदणी तलाव हें सर्व तेथें आजहि पाहावयास मिळतें. १२ जानेवारी १५९८ रोजीं याच गांवीं जिजाबाईंचा जन्म झाला. या कन्येचें नांव आज मुंबई शहरांतील एका प्रख्यात उद्यानास आहे. वऱ्हाडांतून मुंबईस जाणारें कुटुंब मुलांना भायखळ्याचा ‘राणीचा बाग’ दाखविल्यावांचून सहसा परतत नाहीं. परंतु लोकांच्या तोंडीं असलेली ती राणी कोण, आणि प्रवेशद्वारावर नांव कोणाचें, याची चौकशी फार थोडे करतात.

ती राणी म्हणजे इंग्लंडची व्हिक्टोरिया. शेती व उद्यानविद्या यांच्या प्रसारार्थ स्थापन झालेल्या एका मंडळीचा प्रथम शिवडी येथें बाग होता. पुढें ती जागा युरोपियन लोकांच्या दफनभूमीकरितां देण्यांत आली, आणि मंडळीनें भायखळ्यास नवा बाग उभारला. १९ नोव्हेंबर १८६२ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या पत्नीच्या हस्तें तो खुला झाला. त्याच दिवशीं शेजारच्या संग्रहालयाची कोनशिला खुद्द गव्हर्नरांनीं बसविली. १८७३ सालीं बाग नगरपालिकेच्या स्वाधीन झाला, आणि १८९० सालीं प्राण्यांसाठीं त्यास आणखी जागा जोडण्यांत आली. म्हणजे हा बाग मूळचा वृक्षांचा. वाघ-सिंह मागाहून आले.

तो काळ मुंबईच्या भरभराटीचा होता. अमेरिकेंत १८६१ पासून १८६५ पर्यंत यादवी युद्ध चाललें. तेथील कापूस विलायतेच्या गिरण्यांस मिळेना, म्हणून हिंदुस्थानच्या कापसास सोन्याचा भाव आला. वऱ्हाडच्या काळ्या मातींत पिकलेला कापूसहि त्या व्यापारांत होता. युद्ध संपतांच भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या, आणि संग्रहालयासाठीं मिळणारी वर्गणीहि आटली. अखेरीस सरकारनें काम हातीं घेतलें व २ मे १८७२ रोजीं संग्रहालय लोकांस खुलें झालें. जगन्नाथ शंकरशेट आणि डॉक्टर भाऊ दाजी लाड हे या कार्याचे मोठे पुरस्कर्ते होते. १ नोव्हेंबर १९७५ पासून संग्रहालयास भाऊ दाजींचें नांव आहे. मध्यंतरीं त्या वास्तूस अवकळा आली होती; परंतु जीर्णोद्धार होऊन २००८ सालीं ती पुन्हां उघडली.

पाहणाऱ्यानें भायखळा स्टेशनावर उतरून पूर्वेकडे पायीं जावें. १८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी धांवली, ती याच मार्गानें. बागाच्या प्रवेशाजवळ डेव्हिड ससून या व्यापाऱ्यानें १८६५ सालीं बांधविलेला घड्याळाचा मनोरा लागतो. संग्रहालयाबाहेर एक पाषाणाचा हत्ती उभा आहे. समुद्रांतील घारापुरी बेटास इंग्रजी नांव मिळालें तें याच हत्तीवरून. १८६४ सालीं त्यास विलायतेस नेण्याचा घाट घातला गेला. उचलतांना यारी मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते या बागांत आणून ठेवले व १९१४ सालीं पुन्हां जोडण्यांत आले. सातवा एडवर्ड राजा ज्यावर आरूढ आहे तो ‘काळा घोडा’ १९६५ सालीं कोटांतील आपल्या चौकांतून हालला, तोहि येथेंच आला. चौकास मात्र घोड्याचेंच नांव राहिलें. स्वतः व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळाहि येथें संग्रहालयामागें आहे. ज्यांनीं राज्य केलें त्यांच्या मूर्ति अशा रीतीनें झाडांच्या आश्रयास आल्या.

आणि या बागाचें खरें वैभव तीं झाडेंच होत. पोटाळ बुंध्याची गोरखचिंच, खोडावरच फुलणारा कैलासपती, तांबड्या फुलांचे झुबके लोंबविणारी ब्रह्मदेशची उर्वशी असे नाना देशींचे वृक्ष गजबजलेल्या शहरांत एका कुंपणाच्या आंत वाढले आहेत. प्रेक्षकांची गर्दी मात्र प्राण्यांकडे वळते. २०१६ सालीं पेंग्विन पक्षी आणले गेले; मुलांना त्यांचें मोठें अप्रूप वाटतें, तें स्वाभाविकच आहे. परंतु नवे पिंजरे व नव्या इमारती यांच्यासाठीं जुन्या वृक्षांची जागा जाऊं नये, म्हणून नागरिकांना आवाज उठवावा लागला, हेंहि विसरतां येत नाहीं. पिंजरा एका वर्षांत उभा राहतो. शंभर वर्षांचें झाड पुन्हां उभें करण्यास शंभर वर्षेंच लागतात.

स्वातंत्र्यानंतर बागास वीरमाता जिजाबाई भोसले यांचें नांव मिळालें. परक्या राणीच्या जागीं मराठी माता आली, एवढेंच त्याचें औचित्य नव्हे. शत्रूनें उध्वस्त केलेलें पुणें जिजाबाईंनीं पुन्हां वसविलें, आणि सोन्याच्या नांगरानें भूमि नांगरविली, अशी कथा परंपरेनें चालत आली आहे. उजाड भूमीवर बीं पेरणाऱ्या स्त्रीचें नांव उद्यानास शोभतें. पण पाटी बदलण्यास एक दिवस पुरतो. नांवाचा मान राखणें हें नित्याचें काम आहे. मुंबईकरांनीं तो वृक्ष जतन करून राखावयाचा, आणि बुलढाणेकरांनीं सिंदखेडच्या तलावांत गाळ साचूं न देतां. मुंबईचा बाग पाहून परतणाऱ्या मुलांस वडील मंडळींनीं एक दिवस मोती तलावाच्या काठींहि न्यावें. तेथें प्राणी नाहींत, पुतळ्यांची गर्दी नाहीं. पण बागावर जें नांव त्यांनीं वाचलें, तें प्रथम कोणत्या मातींत उमटलें, हें त्यांना तेथें सांगतां येईल.