सावित्री ते नेपच्यून : अवकाशसंगीताची कुळकथा

सिनेमाच्या पडद्यावर काळंभोर अवकाश पसरलं की पुढे काय ऐकू येणार हे आपल्या कानांना आधीच ठाऊक असतं. तळाशी डबल बास आणि चेलोंचा जड, सरकता सूर. वर ट्रॉम्बोन आणि हॉर्न यांचा घोष. आणि कुठून तरी खूप लांबून, शब्दांशिवाय गाणाऱ्या बायकांचे आवाज. अवकाशात हवा नाही, त्यामुळे आवाजही नाही. हे सूर तिथून आलेले नाहीत, ते इथेच पृथ्वीवर माणसानं घडवले. त्यांचं कूळ शोधत मागे गेलं की वाट लंडनमधल्या मुलींच्या एका शाळेत जाते. तिथल्या संगीतशिक्षकाचं नाव गुस्ताव होल्स्ट आणि त्याच्या रचनेचं नाव 'द प्लॅनेट्स'. आणखी मागे गेलं, तर तीच वाट महाभारतातल्या सावित्रीपर्यंत पोचते.

ग्रहांना सूर असतात ही कल्पना मात्र होल्स्टच्या किती तरी आधीची. ग्रहगोलांच्या अंतरांत स्वरांसारखीच गणिती प्रमाणं आहेत, असं पायथागोरसच्या पंथातले लोक मानत. खगोलशास्त्रज्ञ केप्लरनं १६१९ च्या आपल्या ग्रंथात ग्रहांच्या कमीजास्त होणाऱ्या वेगांवरून प्रत्येकाची स्वरावली काढली आणि ती कागदावर मांडली. पण हे संगीत बुद्धीनं ऐकायचं होतं. सभागृहात बसलेल्या माणसाच्या अंगावर काटा यावा असं ग्रहांचं संगीत वाद्यवृंदासाठी लिहिलं गेलं ते विसाव्या शतकात, आणि ते लिहिणाऱ्याच्या हाताशी दुर्बीण नव्हती. कुंडली होती.

होल्स्टचा जन्म १८७४ सालचा, इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमचा. पियानोवादक व्हायची इच्छा हाताच्या नसांच्या दुखण्यानं मोडली. मग तो ट्रॉम्बोनकडे वळला आणि काही वर्षं ऑपेराच्या वाद्यवृंदांत वाजवून पोट भरू लागला. वाद्यवृंदाच्या ऐन मध्यात बसून कुठलं वाद्य कुठे दबतं आणि कुठे फुलतं हे त्यानं तिथे कानांनी टिपलं. १९०५ पासून लंडनच्या सेंट पॉल्स गर्ल्स स्कूलमध्ये त्यानं संगीत शिकवलं, ते अखेरपर्यंत.

शाळेत येण्याआधीच त्याला ऋग्वेदानं झपाटलं होतं. हाती आलेली इंग्रजी भाषांतरं त्याला कोरडी वाटली, तेव्हा तो स्वतःच संस्कृत शिकायला लागला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात धडे घेतले, शब्दकोश जवळ ठेवून ऋचांची स्वतःची भाषांतरं केली आणि त्यांना चाली दिल्या. उषेचं सूक्त, जलदेवतांचं सूक्त अशा ऋचा त्यानं स्त्रियांच्या आवाजांसाठी आणि हार्पसाठी बांधल्या. त्याआधी 'सीता' नावाचा मोठा ऑपेरा लिहून झाला होता. तो एका स्पर्धेत मागे पडला आणि तसाच राहिला. १९०८ मध्ये त्यानं 'सावित्री' लिहिला.

या 'सावित्री'पाशी जरा थांबायला हवं. अर्ध्या तासाचा ऑपेरा, पात्रं तीनच : सावित्री, सत्यवान आणि यम. वाद्यं डझनभर. नेपथ्याची गरज नाही, प्रयोग उघड्यावरही चालेल, असं खुद्द होल्स्टचं म्हणणं. सुरुवात होते ती एकाही वाद्याची साथ नसलेल्या यमाच्या हाकेनं. तो अजून दिसतही नाही, नुसता आवाज येतो. आणि पुढे प्रेक्षकांना न दिसणारा स्त्रियांचा वृंद गातो, तोही शब्दांशिवाय, एकाच स्वराचा उच्चार धरून. यम हा या जगापलीकडचा. तो आला की हवेत काय बदलतं, ते दाखवायला होल्स्टला शब्द अपुरे वाटले आणि मंचावरची माणसंही नकोशी झाली. म्हणून हे लपलेले आवाज. शब्दहीन स्त्रीवृंद फ्रेंच संगीतकार डेबुसीनं 'नॉक्टर्न'मध्ये आधीच वापरला होता. पण तिथे त्या समुद्रातल्या मोहिनी होत्या. इथे ते आवाज माणसाच्या जगाच्या सीमेपलीकडून येतात, आणि हा फरक पुढे फार कामाचा ठरला.

कालिदासाच्या 'मेघदूता'वरची त्याची मोठी रचना मार्च १९१३ मध्ये लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये सादर झाली. अनेक वर्षांचे कष्ट त्यात होते. ती पडली. होल्स्ट खचला. तेव्हा बाल्फर गार्डिनर या सधन संगीतकार मित्रानं त्याला हवापालट म्हणून स्पेनच्या मायोर्का बेटावर नेलं. सोबत संगीतकार अर्नल्ड बॅक्स आणि त्याचा लेखक भाऊ क्लिफर्ड होता. क्लिफर्डला ज्योतिषाचा नाद होता. बेटावर दोघांच्या गप्पा रंगल्या आणि होल्स्ट कुंडल्या मांडायला शिकला. मित्रांच्या पत्रिका पाहणं हा पुढे त्याचा आवडता छंद झाला. त्यानं वाचलेली पुस्तकं अ‍ॅलन लिओची. हा इंग्रज ज्योतिषी थिऑसॉफिस्ट होता आणि भारतात येऊन गेला होता. ग्रह म्हणजे घडणाऱ्या घटना नव्हेत, तर माणसाच्या स्वभावाचे पैलू, हा त्याच्या लेखनाचा गाभा होता. नेपच्यूनला त्यानं 'गूढवादी' हे बिरुद दिलं होतं आणि होल्स्टनं ते जसंच्या तसं उचललं.

'द प्लॅनेट्स'चा सांगाडा या ज्योतिषातून आला आहे, आणि त्याची खूण रचनेतच सापडते. सात भाग आहेत : युद्ध आणणारा मंगळ, शांती आणणारा शुक्र, पंखधारी दूत बुध, उल्हास आणणारा गुरू, वार्धक्य आणणारा शनी, जादूगार युरेनस आणि गूढवादी नेपच्यून. यात पृथ्वी नाही. खगोलशास्त्राच्या दृष्टीनं ती मोठीच उणीव ठरेल. पण आपण कुंडली मांडतो ती पृथ्वीवर उभं राहूनच. पत्रिकेत पृथ्वीचं घर नसतं, म्हणून इथेही नाही. क्रमही सूर्यापासूनच्या अंतराचा नाही. युद्धानंतर शांती, उल्हासानंतर वार्धक्य, असा तो मनाच्या अवस्थांचा क्रम आहे. या संगीतामागे ग्रहांचा ज्योतिषातला अर्थ आहे, त्याच नावांच्या रोमन देवतांच्या कथांशी त्याचा संबंध नाही, असं होल्स्टनं स्वतःच स्पष्ट केलं होतं.

रचनेचं काम १९१४ ते १९१६ चाललं. शाळेच्या नव्या संगीत विभागात त्याच्यासाठी बाहेरचा आवाज आत न येणारी खोली होती. तिथे शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांत तो लिहीत बसे. उजवा हात साथ देत नसे, तेव्हा व्हॅली लास्कर आणि नोरा डे या शाळेतल्या दोन सहकारी त्याच्या सांगण्यावरून प्रचंड स्वरलिपी उतरवून काढत आणि दोन पियानोंवर वाजवून दाखवत. मंगळाचा आराखडा पहिलं महायुद्ध पेटण्याआधीच तयार होता, असं त्याची मुलगी इमोजेन हिनं लिहून ठेवलं आहे.

मंगळ ऐकताना पहिल्या दहा सेकंदांकडे कान द्यावा. व्हायोलिन-चेलोवाले गजाचे केस तारेवर घासत नाहीत. गज उलटा करून त्याच्या लाकडानं तारा ठोकतात. सोबत टिंपनीही लाकडी काठ्यांनी वाजते. त्यामुळे सूर कमी आणि हाडांचा खडखडाट जास्त, असा आवाज निघतो. ठेका पाच मात्रांचा : पहिल्या मात्रेत तीन ठोके, दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेत एकेक, चौथ्या मात्रेत दोन, पाचवीत एक. सैनिकांचं कूच दोन पायांवर, म्हणून दोनच्या पटीत चालतं. पाचाच्या ठेक्यावर कुणाला पाय टाकता येत नाही. हे माणसांचं सैन्य उरत नाही. एक यंत्र होतं, आणि ते कुणासाठी थांबत नाही. आज विज्ञानपटांत शत्रूचं अजस्र यान पडद्यावर सरकतं तेव्हा वाजणाऱ्या संगीतात हाच खडखडाट असतो. 'स्टार वॉर्स'साठी १९७७ मध्ये जॉन विल्यम्सनं लिहिलेल्या संगीतातही मंगळाची सावली सहज ओळखू येते.

खुद्द होल्स्टचा आवडता भाग शनी. साडेसातीच्या नावानं ज्याला आपण घाबरतो, त्याला होल्स्टनं खलनायक केलं नाही. बासऱ्या आणि हार्प आळीपाळीनं दोन स्वरमेळ देत राहतात, थकलेल्या पावलांसारखे. खालून डबल बास हळूहळू वर सरकतात, मग घंटा, मग भीतीचा एक मोठा लोंढा. तो ओसरल्यावर येते ती समजूत. म्हातारपणाचं इतकं आदरानं केलेलं चित्रण संगीतात क्वचितच सापडतं.

होल्स्टचा जादूगार युरेनस म्हणजे आपल्या पंचांगवाल्यांचा हर्षल, आणि त्याचं संगीताशी नातं होल्स्टच्याही आधीचं. तो ज्या विल्यम हर्शलनं १३ मार्च १७८१ रोजी शोधला, तो व्यवसायानं संगीतकार होता. इंग्लंडमधल्या बाथ शहरात तो एका प्रार्थनामंदिरात ऑर्गन वाजवायचा आणि रात्री स्वतः घासलेल्या आरशांच्या दुर्बिणीतून आकाश पाहायचा.

आणि शेवटी नेपच्यून. पुन्हा पाच मात्रा, पण मंगळाच्या अगदी उलट टोकाला. संपूर्ण वाद्यवृंदानं शेवटपर्यंत अतिशय हलक्या आवाजात वाजवावं अशी सूचना आहे. हार्प आणि सेलेस्टाचे सूर चमकत राहतात, धून अशी हाताला लागत नाही. मग कळतही नाही अशा क्षणी एक उंच सूर ऐकू येतो आणि तो वाद्याचा नाही, माणसाचा आहे, हे ध्यानात यायला थोडा वेळ लागतो. स्त्रियांचे दोन वृंद सभागृहालगतच्या खोलीत बसून शब्दांशिवाय गात असतात. स्वरलिपीतली सूचना अगदी व्यवहारी आहे : खोलीचं दार उघडं ठेवावं, शेवटच्या मात्रा पुन्हा पुन्हा गाव्यात आणि दार आवाज न करता हळूहळू लावत न्यावं, सूर अंतरात विरेपर्यंत. ध्वनिमुद्रणात आवाज हलके हलके कमी करत गाणं संपवायची रीत आज सगळ्यांना माहीत आहे. होल्स्टनं ती दाराच्या बिजागरीनं साधली, जेव्हा तसं करणारं यंत्र नव्हतं. आणि हा वृंद कुठून आला ते आता सांगायला नको. यमाच्या आगमनाला लपून गाणाऱ्या त्या बायकाच सहासात वर्षांनी नेपच्यूनच्या पलीकडे जाऊन बसल्या होत्या.

पहिला प्रयोग २९ सप्टेंबर १९१८ रोजी क्वीन्स हॉलमध्ये झाला. युद्ध अजून संपलं नव्हतं. होल्स्टला सैनिकांच्या शिक्षणाच्या कामासाठी ग्रीसमध्ये सलोनिकाला जायचं होतं, म्हणून गार्डिनरनं निरोपाची भेट म्हणून सभागृह आणि वाद्यवृंद भाड्यानं घेऊन दिला. संचालक एड्रियन बोल्ट २९ वर्षांचा. वादकांना तालमीला दोन तासही मिळाले नाहीत. श्रोते सुमारे २५० निमंत्रित. नेपच्यूनचा वृंद होल्स्टच्या विद्यार्थिनींचा. गुरूचा भाग चालू असताना बाहेरच्या वऱ्हांड्यात फरशी पुसणाऱ्या बायका ब्रश खाली ठेवून नाचू लागल्या, ही इमोजेननं सांगितलेली आठवण.

१९३० मध्ये प्लूटो सापडला तेव्हा होल्स्ट हयात होता, पण त्यानं त्यावर भाग लिहिला नाही. १९३४ मध्ये तो गेला. २००० मध्ये संगीतकार कॉलिन मॅथ्यूजनं प्लूटोचा भाग लिहून जोडला. सहाच वर्षांनी खगोलशास्त्रज्ञांनी प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढलं आणि होल्स्टचे सात पुन्हा पूर्ण ठरले. खरं तर या घडामोडींनी त्याच्या रचनेला काहीच फरक पडत नव्हता. त्यानं ग्रह मोजले नव्हते, माणसाचे स्वभाव वाजवले होते. विज्ञानाची आकडेवारी बदलत राहते, पण क्रोध, शांती, उल्हास, जरा आणि गूढाची ओढ तीच राहते. म्हणूनच शंभर वर्षांनंतरही नवा संगीतकार अवकाशासाठी सूर शोधायला बसला की होल्स्टपाशी येतो.

मराठी श्रोत्याला या कुळात शिरायला सोपी वाट आहे. आधी 'सावित्री' ऐकावा, अर्ध्या तासाचाच तर आहे. ही गोष्ट आपल्याला पाठ आहे, त्यामुळे लक्ष पूर्णपणे सुरांकडे देता येतं. तो लपलेला वृंद कानात नीट बसला की लगेच नेपच्यून लावावा. दोन्हींतलं नातं सांगायला मग कुणा अभ्यासकाची गरज लागत नाही.