वादळ एका दिवसाचं, काळोख अनेक महिन्यांचा



"डॉक्टर, चार दिवस लाईट गेली तर फ्रिजमधल्या इन्सुलिनचं काय करायचं?" पावसाळ्याच्या तोंडावर एका आजींनी मला हा प्रश्न विचारला. त्यांना उत्तर दिलं, पण मनात विचार आला की वादळाच्या तयारीबद्दल बोलताना आपण पत्रे, झाडं आणि मेणबत्त्या यांच्याबद्दल बोलतो, औषधांबद्दल क्वचितच. इतिहास मात्र वेगळंच सांगतो.

८ सप्टेंबर १९०० रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या गॅल्व्हेस्टन या बेटावरच्या शहराला हरिकेनने झोडपलं. (हरिकेन म्हणजे आपलं चक्रीवादळच. अटलांटिक महासागरात त्याला हे नाव आहे.) समुद्र शहरात शिरला आणि किमान सहा ते आठ हजार माणसं गेली, त्यातली बहुतेक पाण्यामुळे. त्यानंतर गॅल्व्हेस्टनने समुद्राला भिंत बांधली आणि शहराची जमीनही भर घालून उंच केली. पुढे विमानं, रडार आणि उपग्रह आले. वादळाची सूचना काही दिवस आधी मिळू लागली, लोकांना वेळेत हलवता येऊ लागलं. वाऱ्यापाण्याने होणारे मृत्यू कमी झाले. पण त्याच शतकात आपलं घर, दवाखाना आणि पाण्याचा पंप हे सगळं विजेच्या तारेला बांधलं गेलं.

याची किंमत पोर्तो रिको या कॅरिबियन बेटाने मोजली. २० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया हे हरिकेन तिथे धडकलं आणि संपूर्ण बेटाची वीज गेली. सरकारी आकड्यानुसार मृत्यू होते ६४, आणि कित्येक महिने हाच आकडा कायम राहिला. पण घरोघरी माणसं जातच होती. मे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हार्वर्डच्या पाहणीत ३,२९९ घरांना विचारणा केली गेली. वर्षअखेरपर्यंत एकेका घरात सरासरी ८४ दिवस वीज नव्हती आणि ६८ दिवस पाणी नव्हतं. वादळानंतरच्या मृत्यूंपैकी साधारण एक तृतीयांश उपचार न मिळाल्याने किंवा उशिरा मिळाल्याने झाले होते. ऑगस्ट २०१८ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासाने सहा महिन्यांतले जादा मृत्यू २,९७५ असल्याचा अंदाज दिला, आणि सरकारने तोच आकडा अधिकृत म्हणून स्वीकारला.

६४ आणि २,९७५. या दोन आकड्यांमधली माणसं ना छप्पर पडून गेली, ना बुडून. कुणाचं ऑक्सिजनचं यंत्र बंद पडलं, कुणाचं डायलिसिस चुकलं, कुणाला रस्ता बंद असल्याने डॉक्टरपर्यंत पोहोचता आलं नाही. व्हिएकेस या छोट्या बेटावरचं रुग्णालय निकामी झाल्यावर तिथल्या डायलिसिसच्या रुग्णांना विमानाने मुख्य बेटावर न्यावं लागे. दाखल्यावर 'हृदयविकार' किंवा 'मधुमेह' लिहिलं गेलं, म्हणून वादळाच्या खात्यात ही माणसं आलीच नाहीत.

मारियाच्या दोनच आठवडे आधी इर्मा हे हरिकेन आलं होतं. फ्लोरिडातील एका वृद्ध रुग्णांच्या शुश्रूषागृहात तेव्हा एसी बंद पडला आणि उष्म्याने १२ जणांचे मृत्यू झाले. रस्त्याच्या पलीकडे रुग्णालय होतं आणि तिथे वीज होती! २०२० मधल्या लॉरा हरिकेननंतर लुईझियानात जनरेटरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडने घरंच्या घरं बाधित झाली. या वायूला ना रंग, ना वास.

हे सगळं दूरचं वाटतंय? ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. त्यानंतर रायगड-रत्नागिरीतली अनेक गावं कित्येक दिवस अंधारात होती, आणि तेही कोविडच्या काळात.

म्हणून वादळाची सूचना मिळाली की घरात एवढं नक्की करा:

१. रोजची औषधं किमान दोन आठवड्यांची जवळ ठेवा. औषधांची यादी आणि प्रिस्क्रिप्शन प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. फोटो फोनमध्ये असला तरी फोनची बॅटरी संपते.

२. वापरात असलेलं इन्सुलिन ३० अंशांखाली साधारण चार आठवडे टिकतं (पाकिटावरची सूचना वाचा). उकाडा जास्त असेल तर बाटली कोरड्या डबीत घालून ओल्या मातीच्या मडक्यात, सावलीत ठेवा. बर्फाला थेट टेकवू नका. गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यायचं.

३. ऑक्सिजनचं यंत्र असेल तर भरलेला सिलिंडर जवळ हवा. डायलिसिस असेल तर वादळाआधीच आपल्या केंद्राशी बोला: वेळ अलीकडे घेता येईल का, आणि ते बंद पडलं तर दुसरं कुठलं?

४. माणशी रोज चार लिटर पाणी, किमान तीन दिवसांचं. शंका असेल तर उकळून घ्या.

५. बंद दाराचा फ्रिज साधारण चार तास थंड राहतो. उगाच उघडू नका.

६. जनरेटर नेहमी घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून किमान वीस फूट लांब. व्हरांड्यातही नको. घरात शेगडी पेटवून दारं बंद करू नका.

७. साचलेल्या पाण्यात जखमी पायाने जाऊ नका. मारियानंतर पोर्तो रिकोतही लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण वाढले होते. नंतर ताप आला तर अंगावर काढू नका.

आणि शेवटचं: शेजारी कोणी एकटे वृद्ध राहत असतील तर दिवसातून दोनदा त्यांचं दार वाजवा. पोर्तो रिकोतही सर्वाधिक धोका गरीब वस्त्यांना आणि ६५ वर्षांवरील पुरुषांना होता.

आजी मडकं घेऊन आल्या आहेत. तुमच्या घरातली यादी आज करून ठेवा.