मिश्र विद्रावकांतील आयनांची ऊर्जा
पाण्यात कार्बनी विद्रावक (विरघळविणारा द्रव) मिसळल्यास आयनांच्या (विद्युत् भारित अणूंच्या वा अणुगटांच्या) मुक्त ऊर्जेत बदल होतो. माक्स बोर्न यांनी १९२० मध्ये विद्रावक हे अखंड माध्यम मानून या ऊर्जेचे समीकरण मांडले. त्यानुसार विद्युत् अपारक स्थिरांक पाण्याच्या (सु. ७८) निम्म्याहून कमी असलेले ॲसिटोनायट्राइल (सु. ३६) मिसळल्यास सर्वच आयन कमी स्थिर व्हावयास हवेत, परंतु चांदीचा आयन अधिक स्थिर होतो, कारण तो त्या विद्रावकाच्या रेणूंशी निवडक बंध साधतो. मापनाने मात्र धन व ऋण आयनांच्या ऊर्जांची बेरीजच मिळते. म्हणून अर्नेस्ट ग्रुनवाल्ड व त्यांचे सहकारी यांनी १९६० मध्ये डायऑक्सेन-पाणी मिश्रणांसाठी टेट्राफिनिल फॉस्फोनियम व टेट्राफिनिल बोरेट या जवळजवळ समान आकाराच्या आयनांचा आधार घेतला. त्यामुळे एकेका आयनाची मूल्ये अशा गृहीतकांवरच अवलंबून असतात.