चुकलेल्या ठशाची किंमत

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत, मग ते रावपुऱ्यातले असो की दांडिया बाजारातले, कपाटाच्या तळाशी एक डबी हमखास सापडते. तुटकी जोडवी, एखादी मोडलेली नथ, आणि त्यांच्या सोबतीला पाचसात गायकवाडी नाणी. आमच्या डबीतले एक नाणे तांब्याचे आहे. त्याच्या एका बाजूस घोड्याचा खूर, खाली तलवार आणि भोवती महाराजांचे नाव. दुसऱ्या बाजूसही तेच सारे, पण उलटे आणि आत खचलेले, जणू आरशातले. ‘दोन पैसे’ ही अक्षरे जिथे असायची तिथे ती नाहीतच. म्हणजे आपण किती किमतीचे आहोत, हे हे नाणे स्वतः सांगत नाही. ते वजनावरून ओळखावे लागते. आजी त्याला ‘लाखी’ म्हणे आणि देव्हाऱ्यात ठेवी. शेजारच्या गुजराती काकी मात्र हसून म्हणत, “आ तो खोटो पैसो.”

दोघींपैकी बरोबर कोण? परदेशी राहणाऱ्या माझ्या भाच्याने हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारला. त्याला खिशातले घडीचे चाकू जमवण्याचा नाद आहे. कारखान्यात पात्यावर छाप उमटायची राहिली किंवा ती उलटी बसली, तर त्या चाकूचे मोल वाढते की घटते, यावर त्याच्या मंडळींत कायम वाद असतो म्हणे. ‘मामा, तुमच्या नाण्यांत काय चालते?’

उत्तर देण्याआधी बडोद्याची टाकसाळ डोळ्यांपुढे आणावी लागते. खंडेरावांच्या काळचा (१८५६ ते १८७०) रुपया हाताने पाडलेला. चांदीची चकती खालच्या ठशावर ठेवायची, वरचा ठसा धरायचा आणि हातोडा हाणायचा. ठसा चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे सगळा मजकूर एका नाण्यावर मावतच नसे. फारसी ओळींचे तुकडे, कुठे तलवार, आणि नशीब असेल तर ‘ख गा’ ही नागरी अक्षरे, म्हणजे खंडेराव गायकवाड. मल्हाररावांच्या नाण्यांवर ‘म गा’. आता अशा रुपयावर ठसा एका बाजूस सरकला, तर ती चूक म्हणायची कशी? तीच तर रीत होती. माझ्या एका मित्राला असाच सरकलेल्या ठशाचा रुपया ‘दुर्मीळ चूक’ म्हणून भारी भावाने गळ्यात मारला गेला. खरे तर त्या नाण्यांत दुर्मीळ असतो तो ज्यावर तलवार आणि दोन्ही अक्षरे नीट मधोमध आली आहेत असा नग. तिथे मोल अचूकपणाचे आहे.

तिसरे सयाजीराव १८७५ साली गादीवर आले आणि २८ डिसेंबर १८८१ रोजी त्यांच्या हाती पूर्ण अधिकार आले. त्यानंतर, संवत् १९४० च्या दशकात, यंत्राने पाडलेली नाणी निघाली. काठ गोल, अक्षरे सुबक, मजकूर नागरीत. ‘सेना खास खेल समशेर बहादूर’ ही घराण्याची पदवी आणि पाठीमागे ‘दोन पैसे’. (गुजराती मुलखाच्या बाजारात ‘बे’ नव्हे, ‘दोन’! आमच्या पिढीला याचे कोण अप्रूप होते.) यंत्राने जेव्हा प्रत्येक नाणे दुसऱ्यासारखेच असेल असा शब्द दिला, तेव्हाच चुकीला चूक म्हणण्याची सोय झाली. आणि चूक विरळ झाली म्हणूनच तिला गिऱ्हाईक मिळाले.

आजीच्या नाण्याची गोष्ट अशी घडते. नुकतेच पडलेले नाणे खाली न पडता एका ठशाला चिकटून राहते. पुढची चकती आत येते आणि ठशाऐवजी त्या चिकटलेल्या नाण्यावर दाबली जाते. परिणामी एक बाजू बरोबर उमटते आणि दुसऱ्या बाजूस तेच चित्र उलटे व खोल बसते. लाखात एक म्हणून ‘लाखी’, आणि घरात असली की लाख रुपये आणते, असे लोक सांगतात. आमच्या घरी लाख काही आले नाहीत. असो.

टपाल तिकिटांतही हाच न्याय आहे. १८५४ साली कलकत्त्यास सर्व्हे खात्याच्या छापखान्यात चार आण्याचे तिकीट दोन रंगांत, दोनदा कागद फिरवून छापले गेले. त्यात काहींवर राणीचे डोके उलटे आले. आज त्यांना जगभर मान आहे. अमेरिकेत १९१८ साली उलट्या विमानाचा शंभर तिकिटांचा ताव एका गिऱ्हाइकाला टपाल कचेरीत चोवीस डॉलरला मिळाला, तोही दर्शनी किमतीत. या दोन्हींत एक गोष्ट समान आहे. चूक छापखान्यातून बाहेर पडण्यापूर्वीच झालेली होती, आणि ती घरी बसून करणे सोपे नव्हते.

भाच्याच्या चाकूंची अडचण इथेच आहे, असे माझे मत. चाकू सुट्या भागांचा बनतो. पाते बदलता येते, छाप घासून काढता येते, मूठ उलटी बसवता येते. नाणे मात्र एका दाबात जन्मते. तरीही लबाड माणूस दोन नाणी शेगड्यात धरून आवळतो आणि ‘लाखी’ तयार करतो. तशा नाण्यात खोल चित्राखाली मूळ ठशाच्या खुणा राहतात आणि दुसरी बाजू चेपलेली दिसते. अस्सल नाण्याची पाठ स्वच्छ, उठावदार असते. माळेसाठी कडी डागलेले, भोक पाडलेले, ठोकून वाकवलेले नाणे ही चूक नव्हे, ती इजा. तिने भाव उतरतोच.

हल्ली तर कुठलेही झिजलेले नाणे लाखांना जाते अशा जाहिराती फोनवर येतात. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावे लागले की आमच्या नावाने जुन्या नोटा-नाण्यांवर शुल्क मागणाऱ्यांना भुलू नका.

या साऱ्यानंतर भाच्याने ते नाणे मागितले. मूल्य दोघांत वाटून घेऊ, तिकडे चांगला भाव येईल, असा त्याचा हिशेब. माझ्या बहिणीचाही त्याला दुजोरा होता, आणि आजीची नात म्हणून तिचा हक्क माझ्याइतकाच आहे हे मी नाकारत नाही. पण शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरते आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. हे कळवल्यावर बहीण दोन महिने बोलली नाही. आता दोघांच्या सह्यांची एक चिठ्ठी डबीत ठेवली आहे: नाणे बडोद्यातच राहील, विकायचे झाल्यास दोघांच्या संमतीने, आणि दिवाळीत तांब्या-पितळेची भांडी घासताना त्याला चिंच लावायची नाही. शेवटची अट बहिणीने घातली.