विषमज्वराचे गुप्त वाहक

विषमज्वर, किंवा घरगुती भाषेंत ज्याला मुदतीचा ताप म्हणतात, तो आपणांपैकीं कोणास नवा नाहीं. अशुद्ध पाणी, उघडें अन्न, माशा, हीं त्याचीं कारणें आरोग्यशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत आपण सर्वांनीं वाचलीं आहेत. मीं स्वतः तीं वर्षानुवर्षें मुलांकडून पाठ करून घेतलीं. परंतु एखादा चौकस मुलगा विचारी, “गुरुजी, पाण्यांत तो जंतु मुळांत येतो कोठून?” प्रश्न मोठा मार्मिक आहे. हा जंतु माणसाखेरीज दुसऱ्या कोणत्याहि प्राण्याच्या शरीरांत निसर्गतः वस्ती करीत नाहीं. मग साथ ओसरली, रोगी बरे झाले किंवा दगावले, म्हणजे पुढील साथीपर्यंत तो दडून बसतो कोठें? या प्रश्नाचा उलगडा होण्यास शंभराहून अधिक वर्षें लागलीं, आणि त्यांत एका स्वयंपाकीण बाईच्या आयुष्याचीं सुमारें २६ वर्षें बंदिवासांत गेलीं.

हा रोग रोग्याच्या मलांतून पाण्यावाटे पसरतो, असें ब्रिस्टल येथील डॉक्टर विल्यम बड यांनीं १८७३ सालच्या आपल्या ग्रंथांत आग्रहानें प्रतिपादिलें. तेव्हां जंतु कोणी पाहिला नव्हता. पुढें १८८० सालीं एबर्थ या जर्मन संशोधकानें त्याचें वर्णन केलें आणि १८८४ सालीं गाफ्की यानें तो प्रयोगशाळेंत वाढवून दाखविला. १९०२ सालीं रॉबर्ट कॉख यांनीं आणखी एक धक्का देणारी गोष्ट पुढें मांडली: वरून धडधाकट दिसणारीं माणसेंहि हा जंतु शरीरांत बाळगून असतात व नकळत तो इतरांस देतात. ज्याला ताप नाहीं, खोकला नाहीं, तोच रोगाचें आगर! ही गोष्ट सामान्य माणसाच्या गळीं उतरणें कठीणच होतें.

तिचा पुरावा चार वर्षांतच अमेरिकेंत मिळाला. १९०६ च्या उन्हाळ्यांत न्यूयॉर्कजवळील ऑयस्टर बे या हवा खाण्याच्या ठिकाणीं वॉरन नांवाच्या एका पेढीवाल्यानें बंगला भाड्यानें घेतला होता. घरांतील अकरा माणसांपैकीं सहा जणांस विषमज्वर झाला. बंगल्याला बट्टा लागेल या भीतीनें मालकानें जॉर्ज सोपर या आरोग्य-अभियंत्यास पाचारण केलें. सोपर यांनीं विहीर, मोऱ्या, दूध, सर्व तपासलें, दोष सांपडेना. अखेर समजलें कीं, साथीपूर्वीं सुमारें तीन आठवडे घरांत नवी स्वयंपाकीण आली होती, व ती आतां निघून गेली होती. तिचें नांव मेरी मॅलन. चुलीवर शिजणाऱ्या अन्नांत जंतु मरतात. पण ही बाई ताजीं पीच फळें चिरून घातलेलें आइस्क्रीम फार छान करी, आणि त्यास विस्तव लागत नसे. सोपर यांनीं तिच्या मागील नोकऱ्यांचा माग काढला. ज्या आठ कुटुंबांत तिनें काम केलें होतें, त्यांपैकीं सात कुटुंबांत विषमज्वर होऊन गेला होता!

१९०७ च्या मार्च महिन्यांत डॉ. जोसेफाईन बेकर या सरकारी डॉक्टरीणबाई पोलीस घेऊन गेल्या, तेव्हां मेरी हातांत लांब कांटा घेऊन त्यांच्या अंगावर धांवली. तिला धरून नेण्यांत आलें. तपासणींत तिच्या मलांत जंतु विपुल सांपडले. नॉर्थ ब्रदर या लहानशा बेटावरील रुग्णालयाच्या आवारांत एका झोंपडीवजा घरांत तिला ठेविलें. ती आयर्लंडहून पोरवयांत आलेली, एकटी, हातच्या कामावर जगणारी. आपणांस हा ताप कधींच आला नाहीं, मग आपण अपराधी कशा, हें तिचें म्हणणें. १९०९ सालीं तिनें न्यायालयाकडे दाद मागितली. ती फेटाळली गेली. १९१० सालीं, पुन्हां स्वयंपाक करणार नाहीं या अटीवर, तिची सुटका झाली. परंतु धोबीणकामाची मजुरी तुटपुंजी. पांच वर्षांनीं एका प्रसूतिगृहांत विषमज्वराची साथ उद्भवली; पंचवीस जण आजारी पडले, दोघे दगावले. तेथील स्वयंपाकघरांत ‘मिसेस ब्राउन’ या खोट्या नांवानें काम करणारी बाई मेरीच निघाली. यानंतर तिला बेटावरून सोडलें नाहीं. तेथेंच १९३८ च्या नोव्हेंबरांत ती वारली.

तिचा दोष नव्हता असें म्हणतां येणार नाहीं. दुसऱ्या वेळीं तिनें जाणूनबुजून वचन मोडलें. पण न्यूयॉर्कमध्यें असे निरोगी वाहक पुढें शेंकडोंनीं सांपडले, आणि त्यांना कोणी जन्मभर कोंडून ठेविलें नाहीं. शिवाय ज्या गोष्टीवर तिनें विश्वास ठेवावा अशी अपेक्षा होती, तिची उपपत्ति खुद्द वैद्यकशास्त्राजवळहि पुरी नव्हती. जंतु पित्ताशयांत असावा असा डॉक्टरांचा तर्क होता. पित्ताशय काढून टाका असें त्यांनीं तिला सुचविलें, व तिनें तें नाकारलें. त्या काळीं ती शस्त्रक्रिया जिवावरची होती.

तर्क योग्य होता. पण पित्त तर साबणासारखें जंतूंचा नाश करणारें! त्यांत हा जंतु वर्षानुवर्षें टिकतो कसा? याचें उत्तर आपल्या घरांतच आहे. रांजण कांहीं दिवस घांसला नाहीं, तर आंतून बुळबुळीत थर धरतो. तो थर म्हणजे जंतूंची वसाहतच होय. पृष्ठभागाला चिकटून ते स्वतःभोंवतीं चिकट द्रव्याचा कोट बांधतात. याला आतां जैवपटल म्हणतात. सतराव्या शतकांत लेव्हेनहूक यानें दातांवरील कीट सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें, आणि शिरक्यानें चुळा भरल्या तरी कीटाच्या आंतील जंतु मरत नाहींत, असें टिपून ठेविलें. पण या वसाहतींचें महत्त्व १९७८ नंतर विल्यम कॉस्टर्टन यांच्या लेखनामुळें सर्वांच्या ध्यानीं आलें.

विषमज्वराच्या दीर्घकालीन वाहकांपैकीं बहुतेकांच्या पित्ताशयांत खडे असतात, हें डॉक्टरांस ठाऊक होतें. अमेरिकेंतील जॉन गन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००२ सालीं दाखविलें कीं, या जंतूंच्या वर्गांतील जीव पित्तखड्यांवर असाच थर बांधतात, आणि पित्त त्यास मारक न होतां उलट पोषक ठरतें. २०१० सालीं त्यांनीं मेक्सिको शहरांतील रोग्यांचे काढलेले खडे तपासले, तेव्हां जंतुवाहकांच्या खड्यांवर हे थर प्रत्यक्ष दिसले. खडे झालेल्या उंदरांच्या पित्ताशयांतहि जंतूंची वस्ती अधिक आढळली. खडा हा किल्ला, आणि थर हा त्याचा तट! त्यांतून अधूनमधून कांहीं जंतु सुटतात, आंतड्यांत उतरतात व मलावाटे बाहेर पडतात. माणसाला मात्र कांहींच जाणवत नाहीं.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. १९४८ पासून क्लोरॅम्फेनिकॉल व पुढील औषधांनीं तापाचे असंख्य रोगी वांचविले. पण रक्तांत मोकळ्या फिरणाऱ्या जंतूस मारणारें औषध तटाआड बसलेल्यास पुरें पडत नाहीं. ताप उतरलेल्यांपैकीं शंभरांत दोनचार जण वाहक होतात. त्यांस औषध दीर्घकाल घ्यावें लागतें, व खडे असल्यास पुष्कळदां पित्ताशयहि काढावें लागतें. म्हणून रोग होण्यापूर्वींच अडविणें हाच राजमार्ग. २०१८ सालीं आपल्या नवी मुंबईच्या महानगरपालिकेनें मुलांस विषमज्वराची नवी लस देण्याची मोहीम हातीं घेतली. त्यामागील हिशेब हाच आहे. आज लस टोंचलेलें मूल उद्यांचा वाहक होण्याचा संभव कमी.

लस सर्वांस मिळेपर्यंत शौचानंतर आणि अन्नास हात लावण्यापूर्वीं साबणानें हात धुणें हा जुना धडा सोडूं नये. घरीं स्वयंपाकास येणाऱ्या बाईंसाठीं साबण व वाहतें पाणी ठेवणें, आणि तापांतून उठल्यावर त्यांस तपासणीची सवड व त्या दिवसांचा पगार देणें, हें घरधन्याचें कर्तव्य आहे. मेरीला बेट मिळालें; पोटाला पुरेल असा दुसरा धंदा कोणी दिला असता, तर प्रसूतिगृहांतील ते दोन जीव कदाचित् वांचले असते.