खतांची आणि पावत्यांची साक्ष

वसईच्या जुन्या ख्रिस्ती घरांत पूर्वी एक तरी लाकडी पेटारा असे. त्यात लग्नातले लुगडे असे, सोन्याचे चार मणी असत, आणि अगदी तळाशी खादीच्या फडक्यात बांधलेले एक बासन असे. ते बासन लहान मुलांनी सोडावयाचे नाही, असा घरोघरचा दंडक होता. घरातील कर्ता पुरुषही ते वर्षातून एकदाच सोडी. सारा भरला म्हणजे नवी पावती जुन्या पावत्यांवर ठेवायची आणि पुन्हा गाठ मारायची. घराचा इतिहास लिहिण्याची ही आपल्या समाजाची पद्धत होती, मात्र आपण इतिहास लिहीत आहोत हे कोणाच्याच मनी नव्हते.

आमच्या घरचे असे बासन आम्ही काही वर्षांपूर्वी एका अभिलेख संग्रहाच्या स्वाधीन केले. तेव्हा घरात बरीच चर्चा झाली. कुटुंबातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी स्पष्टच सांगितले, "कागद दिला म्हणजे जमीन दिली." त्यांचे हे बोलणे आम्हांस त्या वेळी अडाणीपणाचे वाटले. पुढे ते कागद एकेक करून वाचून घेतले, तेव्हा या वाक्यामागे चार शतकांचा अनुभव आहे, हे ध्यानी आले. त्या वाचनातून जे समजले ते वाचकांपुढे ठेवावे, आणि जे समजल्यावर झोप उडाली तेही लपवू नये, एवढ्यासाठी हा लेख.

प्रथम पोर्तुगीज अमदानी. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने १५३४मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली. मुलूख हाती आला की राज्यकर्त्यांस पहिली गरज पडते ती कोणते गाव काय देते हे जाणण्याची. सिमाँव बोतेल्यू या महसुली अधिकाऱ्याने १५५४मध्ये ही माहिती एकत्र केली. त्याची ही नोंदवही 'तोंबू' या नावाने ओळखली जाते आणि ती लिस्बन येथे १८६८मध्ये छापली गेली आहे. तोंबू म्हणजे मालमत्तेची नोंदवही. लिस्बनच्या ज्या किल्ल्याच्या बुरुजात राज्याचे दप्तर १७५५च्या भूकंपापर्यंत होते, त्यासही हेच नाव मिळाले. गोव्यात असेच दप्तरखाने १५९५मध्ये स्थापन झाले आणि इतिहासकार दियोगु दू कोतू हा त्याचा पहिला रक्षक झाला.

बोतेल्यूच्या नोंदी आपल्या भागातील वाचकास परक्या वाटत नाहीत, याचे कारण त्यातील शब्द. लिपी रोमन, भाषा पोर्तुगीज. परंतु भाताचे माप 'मुरा', म्हणजे आपला मुडा. धान्य 'बाते', म्हणजे आपले भात. जकातीचे ठाणे ती मांडवी, आणि गावांचा समूह तो परगणा. राजा बदलला तरी माप शेतकऱ्याचेच राहिले, एवढे यावरून दिसते.

त्या राजवटीत जमिनीचा वरचा हक्क राजाचा मानला जाई. गावे सरदारांना आणि धर्मसंघांना पट्ट्याने मिळत. बहुधा तीन पिढ्यांपुरती मुदत असे आणि त्याबदली चाकरीची अट असे. पट्टेदाराने दरसाल भरावयाच्या ठराविक रकमेस 'फोरू' म्हणत. हा शब्द मुंबईच्या 'फोरास रोड'मध्ये अजून जिवंत आहे. फोरास जमिनींसंबंधी इंग्रजांना १८५१मध्ये स्वतंत्र कायदाही करावा लागला. शेत कसणारा मनुष्य या व्यवस्थेत अगदी खाली होता. पट्ट्यावर त्याचे नाव नसे. त्याच्या हाती काही आले तर ती भरलेल्या रकमेची पोच, इतकेच.

मुंबई बेट १६६१च्या तहाने इंग्लंडच्या राजास मिळाले, १६६५मध्ये प्रत्यक्ष ताब्यात गेले आणि १६६८मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडे आले. नव्या मालकाने जुन्या जमीनधारकांकडे पुरावे मागितले आणि तंटे उभे राहिले. शेवटी गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर याने १६७२मध्ये रहिवाशांशी करार केला. लोकांनी मिळून दरसाल २०,००० झेराफिन भरावे आणि कंपनीने त्यांच्या जमिनींवरील दावा सोडावा, असे ठरले. १६७४मध्ये हा करार कायम झाला. राज्य पालटले की "कागद दाखवा" ही हाक येते. जे एकजुटीने उभे राहतात त्यांना तडजोड मिळते. जे एकटे असतात त्यांना पेटारा उघडावा लागतो.

मे १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि शंकराजी केशव फडके वसईचे सरसुभेदार झाले. आता दप्तराची लिपी मोडी झाली. बोरू आणि काजळीची शाई आली. तारखा सुहूर सनाने पडू लागल्या. हे साल मृगापासून सुरू होते आणि इसवी सनातून ५९९ किंवा ६०० वजा केले म्हणजे मिळते. आकडे अरबी शब्दांत लिहीत. 'अर्बैन मया व अलफ' म्हणजे चाळीस, शंभर आणि हजार मिळून सुहूर ११४०, म्हणजे १७३९-४०. ज्या अमलात वसईचा पाडाव झाला त्याच्या कागदांवर हिंदू राज्यकर्त्याच्या कारकुनाने अरबी शब्दांत साल घालावे आणि पुढे पोर्तुगीज नावाच्या शेतकऱ्याचा उल्लेख करावा, हे पाहून आम्हांस मौज वाटली. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे हजारो रुमाल आहेत. गो. स. सरदेसाई यांनी त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध केले. परंतु त्या खंडांत राजकारण अधिक आहे. शेतकऱ्याची पावती छापण्याइतकी मोठी कोणास वाटली नाही.

इंग्रजी अमल स्थिरावल्यावर कागदाचे राज्य खऱ्या अर्थाने सुरू झाले. १८५२च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि पिढ्यान्‌पिढ्या इनाम उपभोगणाऱ्यांना सनदा दाखवाव्या लागल्या. सनद नाही तर इनाम नाही. मुंबई इलाख्यात सर्व्हेला १८३५च्या सुमारास इंदापूरपासून आरंभ झालेला होता. १८६५ आणि १८७९च्या कायद्यांनी ती व्यवस्था पक्की झाली. शेताला नंबर मिळाला, धारा ठरला. तोपर्यंत शेताची ओळख चतुःसीमेने होत असे. पूर्वेस अमक्याची वाडी, पश्चिमेस ओहोळ, उत्तरेस चिंचेचे झाड. आमच्याकडील सर्वांत जुन्या खरेदीखतात अशीच चतुःसीमा आहे. त्यातले झाड गेले, ओहोळ बुजला, शेजारी निर्वंश झाला. खत मात्र राहिले.

या खतावर लिहून देणाराची सही नाही. त्याला लिहिता येत नव्हते. त्याच्या नावापुढे नांगराची छोटी आकृती काढली आहे आणि 'निशाणी नांगर, दस्तुर' म्हणून दुसऱ्याचे हस्ताक्षर आहे. शेतकऱ्याची निशाणी नांगर. ज्याच्या साह्याने जमीन कसली, त्याचेच चित्र काढून ती जमीन त्याने विकली होती. त्या दोन रेघांकडे पाहताना आम्हांस बराच वेळ पुढचे काही वाचवले नाही.

नावे जुळविण्यास धर्मग्रामातील नोंदवह्या उपयोगी पडल्या. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३मध्ये प्रत्येक धर्मगुरूस विवाहांची आणि बाप्तिस्म्यांची नोंद ठेवण्याचा दंडक घातला होता. मोडी खतात कारकुनाने कानाला ऐकू आले तसे लिहिलेले 'जुजे' आणि 'इनास', बाप्तिस्म्याच्या नोंदीत त्यांच्या संतांच्या नावांनी भेटतात. एक वही माणूस कोणाचा हे सांगते, दुसरी जमीन कोणाची हे सांगते. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय घराण्याचा इतिहास पुरा होत नाही.

आता खत आणि पावती यांतील भेद सांगितला पाहिजे, कारण पुढील हकीकत त्यावरच अवलंबून आहे. शंभर रुपये आणि त्यावरील किमतीच्या स्थावराच्या खरेदीखताची नोंदणी १८६४च्या कायद्यापासून सक्तीची आहे. असे खत दुय्यम निबंधकाच्या वहीत शब्दशः उतरून घेतले जाई. घरचे खत वाळवीने खाल्ले तरी सरकारी नक्कल मिळू शके. पावतीचे तसे नाही. पावतीची नोंदणी होत नाही. ती देणाराच्या वहीतून फाटते आणि घेणाराच्या कनवटीला जाते. ती हरवली तर नक्कल नाही, आणि मुळात दिलीच नाही, तर तिचे अस्तित्वच नाही. श्रीमंताचे हक्क खतात असतात, गरिबाचे पावतीत.

आमच्या बासनात साऱ्याच्या पावत्यांचे जाड पुडके होते. रुपये, आणे, पै अशा तीन रकान्यांत भरलेल्या त्या कागदांनी आमच्या पूर्वजांना एकदा तरी वाचविले असले पाहिजे. कारण एका जुन्या तंट्याच्या कागदांत त्यांचाच दाखला दिलेला आहे. पणजोबांनी सलग किती वर्षे धारा भरला, हे पावत्यांवरून सिद्ध झाले आणि शेत राहिले. घरात हा प्रसंग अभिमानाने सांगितला जाई.

पुडक्याच्या खाली खंडाच्या पावत्यांचे एक छापील पुस्तक होते. खाडीकडची आमची भातशेती एक कूळ कसत होते. १९४८च्या कूळकायद्याने खंड घेणाऱ्या मालकावर पावती देण्याचे बंधन आले होते, म्हणून ते पुस्तक घेतलेले. त्यातील आरंभीच्या पावत्या रीतसर फाडलेल्या आहेत आणि उजवीकडे केवळ स्थळप्रती उरल्या आहेत. परंतु शेवटच्या काही वर्षांच्या पावत्या तशाच आहेत. कुळाचे नाव लिहिलेले, रक्कम लिहिलेली, एक आण्याचे रसीद तिकीट चिकटवून त्यावर आमच्या आजोबांची सही केलेली. फक्त त्या फाडलेल्या नाहीत. दोन्ही भाग एकमेकांस जोडलेले, भोकांची रेघ अखंड.

शेवटची पावती १९५६ची आहे. १ एप्रिल १९५७ हा आपल्या राज्यात कृषक दिन ठरला. त्या दिवशी जमीन कसणारे कूळ कायद्याने तिचा खरेदीदार मानले गेले. योगायोग असा की आणे जाऊन नवे पैसे आले तेही त्याच दिवशी. कूळ असल्याचा पुरावा शेतजमीन न्यायाधिकरणापुढे द्यावयाचा होता. सात-बाराला नाव लागलेले नसेल, तर खंडाची पावती हाच गरिबाचा आधार. आमच्या त्या कुळाचे नाव उताऱ्यावर लागले नाही. जमीन आमच्याकडे राहिली. कुटुंब पाडा सोडून गेले. "ते आपण होऊन गेले," असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो.

आजोबांनी पावत्या का फाडल्या नाहीत? कूळ मागावयास आलेच नाही, असे म्हणता येईल. पण दर वर्षी खंड द्यावयास ते आलेच होते. रक्कम लिहिलेली आहे. कायद्यास दाखविण्यापुरते पुस्तक भरावे आणि पुरावा घरातच ठेवावा, यापेक्षा दुसरे कारण आम्हांस सुचत नाही. ज्या आजोबांनी आम्हांस गुडघ्यावर बसवून प्रार्थना शिकविली, त्यांचीच ती सही आहे. ज्या पावतीने आमचे शेत वाचले, तीच पावती आम्ही दुसऱ्यास दिली नाही.

दप्तर संग्रहाकडे द्यावयाच्या आदल्या रात्री प्रश्न उभा राहिला, की हे पुस्तक त्यात ठेवावे की काढून घ्यावे. मतभेद झाले. मृतांची बदनामी कशाला, असे काहींचे म्हणणे होते. आम्ही एवढेच सांगितले, की आपण आजवर पूर्वजांचे शेत खाल्ले. आता त्यांची पावतीही स्वीकारली पाहिजे. पुस्तक दप्तरात राहिले. त्या कुटुंबाच्या हयात वारसांचा शोध लागला, तेव्हा त्यांना प्रती नेऊन दिल्या. त्यांतील एका वृद्ध स्त्रीने आपल्या सासऱ्याचे नाव वाचून घेतले आणि कागद घडी करून ठेवला. ती काही बोलली नाही. जमीन परत करण्याजोगी राहिलेली नाही. ती पूर्वीच विकली गेली आणि तिच्यावर इमारती उभ्या आहेत. आमच्याकडून जे घडले त्यास आम्ही भरपाई म्हणत नाही. उशिरा फाडलेली पावती, एवढेच त्याचे नाव.

आपल्या भागात जमिनी झपाट्याने विकल्या गेल्या आणि जात आहेत. घर पाडताना पेटारा भंगारात जातो आणि बासन अंगणातल्या होळीत. आता सात-बारा संगणकावर मिळतो, मग जुने कागद कशाला, असे लोक विचारतात. संगणकावरील उतारा आज जमीन कोणाची हे सांगतो. ती कशी झाली हे बासन सांगते. म्हणून आमची वाचकांस विनंती आहे. मोडी वाचता येत नाही म्हणून कागद टाकू नका, वाचणारे आहेत. फाटलेल्या कागदास चिकटपट्टी लावू नका, प्लॅस्टिकमध्ये बंद करू नका. स्वच्छ सुती कापडात कोरड्या जागी ठेवा. काजळीच्या शाईचे मोडी कागद पाण्यापासून आणि वाळवीपासून जपले तर शतके टिकतात. आणि संग्रहास देताना निवडू नका. अभिमानाचे तेवढे दिले, तर ते दप्तर नव्हे.

पवित्र शास्त्रात यिर्मया संदेष्ट्याची एक हकीकत आहे. यरुशलेमला वेढा पडलेला, संदेष्टा स्वतः कैदेत. आणि अशा वेळी त्याने अनाथोथचे शेत सतरा शेकेल रुपे तोलून विकत घेतले. साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि बारूखाला सांगितले, की खताच्या दोन्ही प्रती, मोहोरबंद आणि उघडी, मातीच्या भांड्यात ठेव, म्हणजे त्या पुष्कळ दिवस टिकतील. लोक या देशात पुन्हा शेते विकत घेतील, हा त्यामागील विश्वास होता. हा उतारा आम्ही उपासनेत अनेकदा ऐकला होता. प्रती दोन का, हे मात्र ते पावतीपुस्तक हाती येईपर्यंत कधी मनात आले नाही.